अंथरुणाला खिळलेल्यांचा हिशेब

बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. बाळंतपण घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवशीही येते. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास असलेल्या पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे या गावांत हे येणं आता अंगवळणी पडलं आहे. ताई आली की आधी बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत साबणाने हात धुते. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावते. झोळीच्या काट्यावर वजन घेऊन आकडा कार्डावर लिहिते. मग झबलं वर करून, घड्याळ समोर धरून, छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर पुन्हा मोजते, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला सांगते. नाळ कोरडी आहे का, बाळ दूध नीट ओढतंय का, आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हे सगळं विचारून झालं की पुढच्या भेटीचा दिवस सांगून निघते.

या सहा भेटींचे सरकार तिला २५० रुपये देतं. सहांनी भागलं तर एका भेटीचे बेचाळीस रुपयेही भरत नाहीत. केंद्र सरकारने २०११ साली घरोघरची नवजात बालकाची काळजी देशभर सुरू केली तेव्हा हा दर ठरला, आणि दशकाहून जास्त काळ तो तसाच राहिला. पैसे मिळतात तेही बेचाळीस दिवस उलटल्यावर. बाळाचं वजन नोंदलेलं हवं, जन्माची नोंद झालेली हवी, बीसीजी आणि पोलिओचा डोस दिलेला हवा, आणि आई व बाळ दोघंही सुखरूप हवीत.

रक्कम लाजिरवाणी आहे, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. उंबऱ्याच्या आत जाऊन माणसाची काळजी घेणं हे काम आहे, आणि त्याचा मोबदला सरकारी तिजोरीतून द्यायचा असतो, हे तत्त्व आपल्या सरकारने यात मान्य केलं आहे.

आता त्याच घराची मागची खोली पाहू. वसाहतीच्या आजूबाजूच्या गावांत आणि चाळींत अशा खोल्या पुष्कळ आहेत. खाटेवर एक माणूस पडून असतो. कधी ती ऐंशीच्या घरातली आजी असते, खुबा मोडल्यापासून न उठलेली. कधी पन्नाशीतला माणूस असतो, पंचवीस वर्षं कंपनीत ठेकेदाराकडे पाळ्या केलेला, एका रात्री पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. लघवीची नळी लावलेली असते. ती वेळच्या वेळी बदलली नाही तर जंतुसंसर्ग होतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फुटते, आणि एकदा बेडसोर खोल गेला की महिनोन्महिने भरत नाही. फिजिओथेरपी पहिल्या काही महिन्यांत झाली तर हात-पाय थोडेतरी परत येतात, उशीर झाला तर आखडून जातात. नळी बदलायला, जखम बघायला, व्यायाम शिकवायला या खोलीत येणाऱ्या कुणासाठी भेटीचा दर ठरलेला नाही. बाळासाठी उंबरा ओलांडणारा सरकारी पैसा आजीच्या खाटेपाशी पोचत नाही.

घरी जाऊन उपचार करण्यातून जीव वाचतात, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दर हजारी साठाहून जास्त बाळं दगावत होती. दवाखाना लांब, रस्ते नाहीत, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही ही रीत. बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखून वेळेवर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं हे पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका करू लागल्या. ३९ गावांत हे काम झालं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना झाली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. एका बाळामागे खर्च आला होता सुमारे सव्वापाच डॉलर. पुढे हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. इंजेक्शनचा भाग आशांच्या कामातून वगळला गेला, बाकी चौकट गडचिरोलीचीच राहिली. महाराष्ट्राचा नवजात मृत्यूदर २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत दर हजारी ११ वर आला होता. रुग्णालयातली बाळंतपणं, लसी, रस्ते, १०८ ची गाडी या सगळ्यांचा यात वाटा आहे. दारोदार जाऊन श्वास मोजणाऱ्या बाईचाही आहे.

आपल्या राज्यात ही कल्पना याहूनही जुनी आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या अशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली आणि त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. आणि पालघर जिल्ह्याला तर हे सांगायलाही नको. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यांच्या अंगणवाडीचं नाव आज देशभर सरकारी योजनेवर आहे. कोसबाड पामपासून काही तासांच्या अंतरावरही नाही. माणूस येऊ शकत नसेल तर सेवेने त्याच्याकडे जायचं, हे या मातीत रुजलेलं शहाणपण आहे. आरोग्याच्या खात्याने ते बाळासाठी घेतलं, खाटेवरच्या माणसापर्यंत नेलं नाही.

आता आशाताईच्या पैशांबद्दल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं, त्यातून आशा आल्या. सरकारच्या लेखी त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. ठरावीक कामांसाठी केंद्राकडून मिळणारी महिन्याची रक्कम २०१८ साली १००० वरून २००० रुपये झाली. २०२५ मध्ये ती ३५०० केल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. महाराष्ट्रात राज्य सरकार वेगळी रक्कम देतं, आणि ती वाढवून घेण्यासाठी आशांना रस्त्यावर उतरावं लागलं. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संप झाला. आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघाला नाही, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप झाला आणि राज्यभरातून आलेल्या बायका आझाद मैदानावर बसल्या. मार्च २०२४ मध्ये ५००० रुपयांची वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. याच आशांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक पुरस्कार देऊन गौरवलं होतं. कोविडच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत घरोघर ऑक्सिजन मोजत फिरल्या त्या याच.

बाळाच्या सहा भेटी झाल्या की तिची पुढची कामं सुरू होतात. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा त्याच बाळाकडे जायचं, भेटीला ५० रुपये. क्षयरोग्याला गोळ्या वेळेवर घ्यायला लावायच्या, उपचार पूर्ण झाले की १००० रुपये, औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर ५०००. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा केला की माणशी ५० रुपये. म्हणजे घरी जाण्याचे दर सरकारने अनेक आजारांसाठी ठरवले आहेत. क्षयाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. घरी कुणीतरी रोज विचारपूस केली तर रुग्ण उपचार मधेच सोडत नाही, हे तिथे पटलं आणि म्हणून पैसा आला.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्मही आशा भरते. त्यात तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का असे प्रश्न आहेत. साठीच्या पुढच्या माणसांसाठी आणखी काही प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? जेवण, कपडे, अंघोळ अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते का? हे प्रश्न विचारणाऱ्याने योग्य तेच विचारलं आहे. आजी 'हो' म्हणते. ताई 'हो'वर खूण करते. फॉर्म उपकेंद्रात जातो, तिथून माहिती वर चढते. पुढच्या आठवड्यात आजीला अंघोळ घालायला मदत मात्र कुणी पाठवत नाही. गाव कोणतं, घर कोणतं, गरज कोणती, हे सरकारला आता ठाऊक आहे. ठाऊक असूनही खर्चाचं शीर्ष नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

कागदावर काहीच नाही असं नव्हे. २०१०-११ पासूनच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात उपकेंद्राच्या सिस्टरने अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटायचं, असं लिहिलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर असं नवं नाव मिळालेल्या उपकेंद्रांच्या सेवांच्या यादीतही वृद्धांची आणि वेदनाशामक सेवा आहे. पण सिस्टरकडे लसीकरणाचे दिवस, गरोदर बायकांच्या तपासण्या, ऑनलाइन नोंदी आणि दर महिन्याची नवी मोहीम असते. ज्या भेटीसाठी वेगळा माणूस नाही, वेगळी गाडी नाही, वेगळा पैसा नाही, ती भेट यादीत शेवटची राहते आणि होत नाही. यात सिस्टरचा दोष काढणं अन्यायाचं होईल.

मोठा पैसा गेला कुठे? रुग्णालयात भरती होण्याकडे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. २०२३ मध्ये तिचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाख करण्याचा आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना तिचं कार्ड मिळतं. या योजनांनी असंख्य घरं कर्जातून वाचवली आहेत, त्यांच्याविरुद्ध मी एक शब्दही लिहिणार नाही. पण या योजना रुग्णालयाच्या खाटेपासून सुरू होतात आणि डिस्चार्जच्या कागदापाशी, फार तर पुढच्या दहा-पंधरा दिवसांच्या पाठपुराव्यापाशी संपतात. पॅरालिसिसचा माणूस दहा दिवस रुग्णालयात असतो आणि दहा वर्षं घरी. दहा दिवसांसाठी पाच लाखांची तरतूद आहे. दहा वर्षांसाठी संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये, दिव्यांग म्हणून नोंद असेल तर अलीकडे वाढलेले २५००. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीच्या पुढच्यांना काठी, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा असं काही घ्यायला एकदाच ३००० रुपये मिळतात. खुर्ची येते. खुर्चीवर बसवायला माणूस येत नाही.

पालघर जिल्ह्यात रुग्णालयाची बाजूही लंगडी आहे, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अजूनही गंभीर रुग्ण सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलला, वलसाडला, नाशिकला, मुंबईला पाठवतो. तिथे जीव वाचतो. आणि मग तो माणूस परत पामला येतो, जिथे नळी कशी सांभाळायची हे दाखवणारं कुणी नसतं. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर तर बाळंतिणीलाही डोलीत घालून आणावं लागतं, तिथे पक्षाघाताच्या रुग्णाची तपासणीची तारीख कोण पाळणार?

पाम आणि आसपासच्या गावांचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी सर्वांत वर होतं. नवापूर-दांडीच्या किनाऱ्यावर सांडपाणी गेल्याने मासेमारी बुडाली, म्हणून मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली आणि कारखान्यांवर भरपाईचे आदेश निघाले. कोणत्या माणसाचा दमा कोणत्या चिमणीमुळे, हे एकेका घरात जाऊन सिद्ध करता येत नाही, मी तसं म्हणतही नाही. पण ज्या गावांच्या हवा-पाण्यावर एवढा उद्योग उभा राहिला, त्या गावांतल्या आजारी माणसांची विचारपूस ही उद्योगाच्या खर्चात धरली जावी, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

दुसरं दुखणं ठेकेदारीचं. राज्य कामगार विम्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के कापले जातात, पगाराची मर्यादा २१ हजार. या विम्यात पक्षाघातासारख्या लांबच्या आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या ऐंशी टक्के दराने. फार चांगली तरतूद आहे. पण त्यासाठी आधी दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी हवी. ठेकेदार बदलला, मधे चार-सहा महिने वर्गणी भरलीच गेली नाही, की माणूस अटीत बसत नाही. आणि नोकरी सुटून वर्गणी थांबली की काही महिन्यांनी दवाखान्याचा हक्कही संपतो. वीस वर्षं वसाहतीत राबलेला माणूस नेमका खाटेला टेकला की विम्याच्या बाहेर गेलेला असतो.

मग काळजी घेतं कोण? बायको, सून, मुलगी. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बायकांचा घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, पुरुषांचा ८८. घरातल्यांच्या सांभाळावर बायकांचा १३७ मिनिटं, पुरुषांचा ७५. हे ती कामं करणाऱ्यांच्या सरासरीचे आकडे आहेत, अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरातले नव्हेत. तिथे रात्रही कामातच जाते. सासऱ्यांना झटका आला म्हणून कंपनीतली पॅकिंगची पाळी सोडावी लागलेली सून या गावांत शोधावी लागत नाही. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही आरोग्य अंदाजपत्रकात दिसत नाही. रुग्णसेवेच्या ब्यूरोतून बारा तासांची बाई ठेवायची म्हटली, तर तिला द्यावे लागणारे पैसे ठेकेदाराकडच्या कामगाराच्या पगाराला जवळपास गिळून टाकतात. अपंग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता सुचवलेला आहे. सुचवलेला आहे, एवढंच. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रुग्णाला शिबिरापर्यंत न्यावं लागतं. जो कूस बदलू शकत नाही त्याला रिक्षात घालून न्यायचं, रांगेत ठेवायचं, हे दोन माणसांचं दिवसभराचं काम आहे. तपासणारे घरी आले तर दहा मिनिटांत उरकेल.

महाराष्ट्राने २०१२ साली वेदनाशामक सेवेचं धोरण केलं, असं करणारं हे केरळनंतरचं दुसरं राज्य. आपल्याच जिल्ह्यात, जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात, टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी अॅन मुकादन यांच्या पुढाकाराने आजारी आणि विकलांग मुलांसाठी अशी सेवा चालवली गेली. पाड्यांवर जाऊन मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना आधार देण्याचं ते काम होतं. पैसा परदेशी मदतीचा होता. अशी कामं प्रकल्प म्हणून येतात आणि प्रकल्प म्हणूनच जातात, कारण पंचायतीच्या किंवा जिल्ह्याच्या नेहमीच्या खर्चात त्यांना जागा मिळत नाही.

केरळने ही जागा दिली. तिथे १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था सुरू केली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच घरभेटींचं जाळं विणलं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी आठवड्यातले काही तास देऊ लागले. २००८ साली राज्याने धोरण केलं आणि ग्रामपंचायतींवर जबाबदारी टाकली. प्रशिक्षित नर्सचा पगार, गाडीचं भाडं, नळ्या-पट्ट्या-औषधं यांचा खर्च पंचायतीच्या वार्षिक योजनेत धरला जाऊ लागला. नर्स ठरलेल्या दिवशी निघते, सोबत आशा आणि गावातला एखादा स्वयंसेवक असतो. घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी तिथे 'आश्वासकिरणम्' नावाची महिना ६०० रुपयांची योजना आहे. रक्कम छोटी आहे, पण सांभाळणाऱ्या बाईला सरकारी कागदावर नाव मिळालं. तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ ला दारी औषध पोचवणारी योजना कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू केली. बचत गटांतल्या बायका मानधनावर रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरी देतात, फिजिओथेरपिस्ट आणि वेदनाशामक सेवेची नर्स घरी जाते. २०२४ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली लांबच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमाच काढला. आपल्याला तिथपर्यंत लगेच जाता येणार नाही. मलप्पुरमपर्यंत नक्की जाता येईल.

पैसा नाही, हे उत्तर पालघरमध्ये देता येत नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला ७६,२२० कोटींची मंजुरी दिली. पण एवढ्या वर बघायचीही गरज नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात. वसाहतीलगतच्या पंचायतींना कारखान्यांमुळे मिळणारं उत्पन्न डोंगराळ तालुक्यातल्या पंचायतींना स्वप्नातही दिसत नाही. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा मोकळा निधी आहे. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणूच्या पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांत अबंध निधी आरोग्यासाठी वापरता येतो.

साधा हिशेब मांडतो. समजा, एका गावात अंथरुणाला खिळलेली वीस माणसं आहेत. प्रत्येकाकडे आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चार भेटी. भेटीला १५० रुपये धरले, बाळाच्या भेटीच्या साडेतीन पटींहून जास्त. महिन्याचे १२,००० आणि वर्षाचे १,४४,०००. नळ्या, पट्ट्या, हवेच्या दोन-चार गाद्या, महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची फेरी धरून रक्कम दुप्पट झाली तरी तीन लाखांच्या आत बसते. गावातल्या एका गल्लीचा काँक्रीट रस्ता यापेक्षा महाग पडतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हेही आशाताईंच्याच गळ्यात पडणार का? पडू नये. तिच्याकडे आधीच न पेलणारं ओझं आहे. गावातल्या बचत गटातल्या दोन बायकांना कूस बदलणं, जखम धुणं, नळीची निगा, तोंडाची स्वच्छता, धोक्याची लक्षणं एवढं नीट शिकवून वेगळ्या मोबदल्यावर नेमायला हवं, आणि त्यांच्यावर उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची देखरेख हवी. नळी बदलणं नर्सनेच करायचं. हे पैसे वेळेवर, दर महिन्याला मिळायला हवेत. आशांच्या बाबतीत झालेली चूक इथे पुन्हा नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आधी धड रुग्णालय तर द्या, असं लोक म्हणतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. घरी सेवा दिली म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयाचं बांधकाम, तज्ज्ञ डॉक्टरांची पदं, रक्तपेढी यातलं काहीही लांबवायला सरकारला मुभा मिळता कामा नये. पण रुग्णालय उद्या पूर्ण झालं तरी त्यातून बाहेर पडणारा माणूस घरीच येणार आहे. किंबहुना जितके जीव जास्त वाचतील, तितक्या खाटा घरोघर वाढतील. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिन लागतं. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदा बदलला, तरी गावातल्या घरापर्यंत ते पोचत नाही. त्याला शेवटचे दिवस कळवळत काढावे लागतात. हे दुःख टाळता येण्यासारखं आहे. त्याला बांधकाम लागत नाही, परवानगी, प्रशिक्षण आणि घरी जाणारं माणूस लागतं.

राज्याने करायचं ते मोठं काम वेगळं आहे. अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ रुग्णाच्या घरभेटीचा दर ठरवून तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात घालणं, फुले योजनेत डिस्चार्जनंतरच्या तीन महिन्यांच्या घरच्या सेवेचं पॅकेज आणणं, दिव्यांग तपासणी घरी करणं, कलम २४ मधला भत्ता लागू करणं. त्यासाठी आमदार-खासदारांना पत्रं लिहावी लागतील, प्रश्न विचारायला लावावे लागतील. ते होईपर्यंत पामने, कुंभवलीने, सालवडने, सरावलीने थांबायची गरज नाही.

ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं. तुमच्या गावात अशी किती माणसं आहेत याची यादी आशाताईंकडच्या फॉर्ममध्ये आहे. ती उपकेंद्राकडून ग्रामपंचायतीने मागून घ्यावी. 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी घरपोच शुश्रूषा' अशी एक ओळ आराखड्यात घालावी आणि तिच्यापुढे रक्कम लिहावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा, हात वर करा आणि हा ठराव मांडा. ज्यांच्यासाठी तो मांडायचा आहे, त्यांना त्या सभेला येता येणार नाही.